दुपट्याएवढी विहीर

एका राज्यात औषध उदंड होतं, आणि तरीही त्या राज्याच्या वेशीबाहेर माणसं तापानं फणफणत होती. हे कसं झालं, ते ऐका.

राज्याच्या औषधघरात एक मुळी होती. कितीही उगाळा, झिजायची नाही. सहाणेवर तिचे सात वेढे दिले की कसलाही ताप उतरायचा. पण त्या मुळीला शाप होता. फार मागे कालंभट नावाचा मांत्रिक आजारी बायकोला घेऊन परमुलखातून आला होता. तेव्हाच्या राजानं त्याला वेशीवर अडवून विचारलं, "तुमची विहीर कोणती?"

"आम्हाला विहीर नाही. आम्ही वाटेवरचे."

राजानं स्वतःच्या हातानं वेस लावून घेतली. बायकोनं बाहेरच्या माळावरच प्राण सोडला. कालंभट म्हणाला, "एक दिवस तुम्हाला बिनविहिरीच्या माणसाला औषध द्यावंसं वाटेल. त्या दिवशी तुमच्या हातून राख पडेल." एवढं बोलून तो माळावर आडवा झाला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

राज्यात कुणी मनावर घेतलं नाही. विहीर सगळ्यांनाच होती. आजारी माणूस आला की घरचे आपल्या विहिरीचा तांब्या भरून आणायचे आणि त्या पाण्यात मुळी उगाळली जायची. तशी रीतच पडली. उगाळायचं काम बयजा नावाच्या बाईकडे होतं. तिला स्वतःचं दोन वर्षांचं पोर होतं, म्हणून येता-जाता कुणाच्याही कपाळाला हात लावून बघायची तिला सवय होती.

मग नदीपलीकडे दोन राजांची लढाई जुंपली. गावं जळाली, विहिरी दगडांनी बुजवल्या गेल्या. सातशे माणसं नदी उतरून आली आणि वेशीबाहेरच्या माळावर बसली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यात ताप शिरला.

बयजानं मुळी आणि सहाण उचलली आणि ती माळावर गेली. पहिलीच भेटली राही. सहा महिन्यांची मुलगी मांडीवर घेऊन बसली होती. बयजानं मुलीच्या कपाळाला हात लावला, तो तिनं चटकन मागे घेतला.

"विहीर कोणती?" बयजानं सवयीनं विचारलं.

"होती," राही म्हणाली. "आता नाही."

बयजानं आपल्या तांब्यातलं पाणी घेतलं, मुळी उगाळली. सातव्या वेढ्याला सहाणेवर राख. पुन्हा उगाळली, पुन्हा राख. तिसऱ्यांदाही राख.

राही बघत होती. म्हणाली, "राहू द्या, बाई. हात काळे कशाला करून घेता?"

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "हात काळे झाले तर धुता येतात." दोन दगडांमध्ये, उघड्या जमिनीवर, एक टिटवी चार अंड्यांवर बसली होती. तीच बोलत होती.

बयजा म्हणाली, "तुला काही ठाऊक असेल तर सांग."

"ह्या पोरीला उद्यापर्यंतचाच वेळ आहे. पण माझी चार अंडी आहेत, रोज एक फुटेल. चौथं फुटेपर्यंत तिच्या कपाळावर माझी सावली धरते. पुढचं माझ्याकडे नाही."

"आणि आम्ही काय करायचं?"

"तीन गोष्टी. ह्यांना इथे विहीर हवी. पहिली, तिची जागा राजानं तोंडानं दिलेली हवी. दुसरी, तिचा दोर गावातल्या घराघरातल्या कापडाचा हवा. तिसरी गोष्ट खाली जो आहे तो सांगेल."

"खाली कोण आहे?"

"खणाल तेव्हा कळेल. मी पक्षी आहे, खणत नाही."

टिटवीनं एक पंख पसरला. तिची सावली लांब होत होत मुलीच्या कपाळावर येऊन थांबली. मुलीचं कण्हणं कमी झालं.

बयजा राजाकडे गेली आणि राहीच्या पोरीचा ताप सांगून तिनं माळावर विहिरीला जागा मागितली. राजा शूरकेतू वाईट नव्हता, भित्रा होता. तो म्हणाला, "आज विहीर मागतील, उद्या शेत मागतील. ज्याची विहीर त्याचं गाव, असा कायदा आहे."

"थोडीच जागा हवी, महाराज."

"थोडी म्हणजे किती? त्या पोरीचं दुपटं अंथरलं तर जेवढी जाईल तेवढी देतो. त्यापेक्षा बोटभर जास्त नाही."

सरदार हसले. बयजानं वाकून नमस्कार केला. "पुष्कळ झाली, महाराज. विहिरीचं तोंड तेवढंच असतं."

सरदारांचं हसू थांबलं. राजानं ओठ चावला, पण बोललेला शब्द सभेनं ऐकला होता. तिकडे माळावर पहिलं अंडं फुटलं.

दुसऱ्या दिवशी बयजा दारोदार फिरली. "एक पट्टी द्या, बोटभर रुंद."

"आमची लुगडी काय झाडाला लागतात?" सोनाराची बायको म्हणाली.

"झाडाला लागली असती तर झाडाकडेच गेले असते, वहिनी."

सोनारीण हसली आणि आत गेली. बाहेर आली ती एक जुनी कुंची घेऊन. "माझ्या थोरल्याची आहे. तो आता सहा फूट झालाय, डोक्यात जात नाही." तिनं कुंची उसवली, किनार काढून दिली आणि उरलेली परत घडी घालून ठेवली.

असं घरोघर होत गेलं. कुणी धोतराचा काठ दिला, कुणी झोळीचा बंद. माळावरच्या म्हाताऱ्यांनी पट्ट्यांना पीळ घातला. संध्याकाळी दोर मोजला तर हातभर कमी. एकच घर राहिलं होतं, राजवाड्याचं. बयजा दोराचं टोक हातात धरून खाली उभी राहिली. वरच्या खिडकीतून राणीनं आपल्या शालूचा पदर हातभर फाडून खाली टाकला आणि खिडकी लावून घेतली. दुसरं अंडं फुटलं.

तिसऱ्या दिवशी राहीनं दुपटं अंथरलं, त्याच्या चार कडांना रेघ मारली आणि लोकांनी खणायला घेतलं. ज्यांचा ताप कमी होता ते खाली उतरले, ज्यांचा जास्त होता ते वर बसून माती ओढू लागले. दुपारपर्यंत खड्डा तीन पुरुष खोल गेला, तेव्हा काळा दगड लागला. पहारीचा घाव बसताच दगड बोलला.

"वर कोण आहे?"

"सातशे माणसं आहेत," बयजा म्हणाली. "आपण कोण?"

"मी कालंभट. माझी झोप मोडलीत. त्यांचं गाव कोणतं?"

कुणी जळालेल्या गावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. राही मुलीला छातीशी धरून काठावर आली, वाकली आणि म्हणाली, "हे."

"हे म्हणजे कोणतं?"

"जिथं आमची विहीर चालली आहे, ते. तुम्ही सरकलात तर होईल."

दगड खालून करकरला. मग म्हणाला, "तेव्हा वेशीवर मला असं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. सरकतो. पण ज्या घराण्याच्या हातानं वेस लागली, त्याच घराण्याच्या हातानं ह्या पाण्यात मुळी उगाळली पाहिजे. नाहीतर राखच." आणि दगड कूस बदलावी तसा बाजूला झाला. खालून गार पाणी वर आलं. तिसरं अंडं फुटलं.

चौथ्या दिवशी सकाळीच बयजा राजापुढे उभी राहिली.

"मी राजा आहे. मी उगाळत नाही," शूरकेतू म्हणाला.

"म्हणूनच तुम्ही हवे आहात, महाराज."

राजानं सरदारांना बाहेर पाठवलं आणि हळू आवाजात विचारलं, "आणि सगळ्यांसमोर राख झाली तर?"

"मी तीनदा केली. तुमची एकदा होईल."

राजा चालत माळावर आला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. शालूचा पदर विणलेल्या दोरानं पाण्याची पहिली घागर वर आली. राजानं मुळी हातात घेतली, ती उलटी.

"अशी, महाराज," बयजा म्हणाली. "दाबू नका. भिंत पाडायची नाहीये."

"पाणी कमी घ्या," एक म्हातारी म्हणाली.

"मनगट सैल सोडा," दुसरी म्हणाली. "जावयासारखे ताठ बसू नका."

सात वेढे झाले. सहाणेवर पांढरं, दुधासारखं औषध उतरलं. राख नव्हती. बयजानं श्वास सोडला. "आता वरून जायफळ. एकच वेढा."

राजानं जायफळ उगाळलं, राहीनं बोटानं औषध मुलीला चाटवलं. मुलीनं तोंड वाकडं केलं, गिळलं आणि डोळे मिटले. तेवढ्यात चौथं अंडं फुटलं. टिटवीनं पंख आवरला, सावली उठली आणि ऊन मुलीच्या तोंडावर पडलं.

मुलगी हलली नाही.

राहीनं हाक मारली. गालाला हात लावला. तळपायाला गुदगुल्या केल्या. मुलगी तशीच. माळावरची माणसं उठून जवळ आली. राजाच्या हातातली मुळी खाली पडली.

"मी काय केलं?"

बयजानं मुलीच्या कपाळाला हात लावला. तिथंच ठेवला. मग विचारलं, "महाराज, जायफळाचे वेढे किती दिलेत?"

राजा आठवू लागला. "त्या म्हाताऱ्या बोलत होत्या. माझी मोजणी चुकली. तीन असतील. चारही असतील."

बयजाचा हात मुलीच्या घामानं ओला झाला होता. कपाळ गार होतं. ती हसू लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ताप उतरलाय. आणि तुम्ही लेकराला जायफळानं झोपवलंत, महाराज. आता उद्या सकाळशिवाय उठायची नाही."

मुलीनं झोपेतच एक बारीक सुस्कारा सोडला.

"झोपू दे," राही म्हणाली. "घर सोडल्यापासून धड झोपली नव्हती." आणि तिच्याशेजारी, भर उन्हात, राहीही आडवी झाली आणि लगेच घोरू लागली.

राजा उठायला लागला, तर समोर सहाशे अठ्ठ्याण्णव माणसं रांग लावून उभी. तो पुन्हा बसला. दिवस मावळेपर्यंत उगाळत राहिला. जायफळ मात्र कुणी त्याच्या हाती दिलं नाही.

सगळे बरे झाले तशी मुळीही शापातून सुटली, आता कुणाच्याही हातानं, कुठल्याही पाण्यात उतरते. पुढे लढाई थांबल्यावर कुणी परत गेले आणि आपल्या विहिरी उपसल्या, कुणी माळावरच घरं बांधली. राही राहिली. टिटवीची चार पिल्लं विहिरीभोवती पळत असतात, आणि पाणी भरणाऱ्या बायका त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून बघून चालतात.

वेशीवर अजून पहारेकरी असतो. आलेल्याला अजून थांबवतो. पण पूर्वी तो विचारायचा, "तुमची विहीर कोणती?" आता विचारतो, "काय दुखतंय?"

त्या पोरीचा ताप उतरला तसा सगळ्यांच्या लेकरांचा उतरो, आणि उगाळणाऱ्याचा हात कधी न दुखो.