झोपडी कुठे होती?

एकदा बात्वा जमातीतला एक वृद्ध आपल्या तरुण शिष्येला घेऊन अरण्यात शिरला. आफ्रिकेतल्या डोंगरांवरच्या त्या दाट अरण्यात बात्वांच्या कितीतरी पिढ्या शिकार करून, मध काढून जगल्या. पुढे अरण्य राखीव झाले आणि त्यांना बाहेर काढले गेले. आता तिथे पाऊल टाकायचे ते पाहुण्यांना फिरवून जुने जगणे दाखवण्यापुरते. वृद्ध थकला होता. आजची फेरी नीट पार पडली, तर उद्यापासून पाहुणे शिष्येच्या हवाली करायचे ठरले होते.

तिच्या मनात मात्र एक काटा सलत होता. मागच्या फेरीत एका पाहुण्याने सहज विचारले होते की, तुम्ही इथे राहत होता, त्याची काही खूण? ना भिंत, ना चौथरा. म्हणून आज तिने जीव ओतून झोपडी उभारली. कोवळी झाडे वाकवून शेंडे वेलींनी बांधले, वर रुंद पाने शाकारली. पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केले आणि ते डोंगर उतरू लागले. झोपडी आता कायमची ठेवायची, असे तिने मनाशी पक्के केले.

वृद्धाने तिला ओढ्यावर हात धुवायला धाडले. ती परतली तेव्हा तो एका पडलेल्या खोडावर शांत बसला होता आणि झोपडी नव्हती. सगळ्या कष्टांवर पाणी! आपण नापास झालो, असे वाटून तिचे डोळे भरून आले.

"आजोबा, माझं चुकलं कुठे?"

"बांधण्यात काही चुकलं नाही, पोरी. सोडायला विसरलीस. मुक्काम हलवताना वाकवलेलं झाड सरळ करायचं, ही आपली रीत. त्याला अजून वाढायचं असतं."

"म्हणूनच आपली खूण राहिली नाही. ती असती, तर आपल्याला कुणी हाकललं असतं?"

वृद्धाची नजर डोंगराखाली गेली. त्याच्या आईला जंगलाबाहेर परक्या जमिनीत मूठमाती द्यावी लागली होती. ते दुःख त्याने कधीच पचवले नव्हते.

"कदाचित नसतंही," तो म्हणाला. "पण हाकलणाऱ्यांना राखावंसं वाटलं, ते इतकं जंगल उरलं कुणामुळे? आता सांग, तुझी झोपडी कुठे होती?"

तिने पाहिले. सरळ उभी झाडे, जमिनीवर पाने. स्वतःच्या हातांनी झोपडी बांधलेली जागा तिला ओळखता येईना. इथे असेल, की त्या वेलींखाली? की पलीकडे? आणि मग तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. असे कुठलेही झाड कधीकाळी कुणाचे तरी छप्पर झाले असेल; कुणी त्याखाली जन्मले असेल, कुणी निजले असेल आणि जाताना कुणीतरी ते हलक्या हाताने सोडून दिले असेल. समोरचे अवघे अरण्य तिला घरांनी भरलेले दिसले. घरात कुणी झोपलेले असावे, तशी ती पाऊल न वाजवता मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी वृद्ध अरण्याच्या सीमेवरच थांबला. आत शिष्येने पाहुण्यांना नवी झोपडी बांधून दाखवली. एका पाहुणीने तिला तेच विचारले, तुमची इथली खूण कोणती?

तिने घाई केली नाही. आधी झोपडीच्या वेली सोडल्या, झाडे सरळ उभी केली, मग म्हणाली, "ही, तुमच्या भोवती आहे ती."

पाहुणे नकळत हळू बोलू लागले.