साळुंकीचं बारसं

एकदा एक शिष्य संगणकाशी भांडून भांडून हरला आणि गुरुजींसमोर येऊन मान खाली घालून बसला. गुरुजी दृष्टिहीन होते, त्यामुळे खाली घातलेली मान त्यांना दिसली नाही. पण उसासा ऐकू आला, आणि तेवढा त्यांना पुरेसा होता.

हे घडले एका लहान गावातल्या अंध विद्यालयात. गुरुजींची उभी हयात तिथेच गेली होती. साठी उलटल्यावर ते केवळ कानांच्या बळावर संगणक शिकले आणि मग मुलांना शिकवू लागले. शिष्य डोळस, शहरात शिकलेला, हुशार. आणि हुशार माणसाला असते तेवढी घाई त्यालाही होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. आजवर या विद्यालयातली मुले तोंडाने उत्तर सांगत आणि शेजारी बसलेला लेखनिक ते लिहून काढी. लेखनिक चांगला मिळाला तर ठीक. नाही तर मुलाला येई एक आणि कागदावर उतरे दुसरेच. यंदा प्रथमच केतकी नावाच्या विद्यार्थिनीला लेखनिकाशिवाय, संगणकावर स्वतः पेपर लिहिण्याची मुभा मिळाली होती. अट एकच, की परीक्षा सुरू झाल्यावर कोणाही डोळस माणसाने यंत्राला हात लावायचा नाही. केतकीला हे साधले तर पुढच्या वर्षी सगळ्या मुलांना वाट मोकळी होणार होती. फसले तर पुन्हा लेखनिक आणि पुन्हा तेच नशीब.

प्रश्न वाचून दाखवणारा आणि उत्तर लिहू देणारा एक प्रोग्रॅम शिष्याने खपून संगणकावर बसवला होता. अडचण त्याच्या नावाची होती. त्याच कंपनीचे आणखी कितीतरी प्रोग्रॅम त्या यंत्रात होते आणि सगळ्यांची नावे एकाच लांबलचक इंग्रजी शब्दावळीने सुरू होत. संगणक एकेक नाव वाचून दाखवी, आणि हवा तो कोणता हे कळण्यासाठी प्रत्येक नाव शेपटापर्यंत ऐकत बसावे लागे. सरावात केतकी भलत्याच प्रोग्रॅममध्ये शिरली आणि तिथून बाहेर पडताना रडकुंडीला आली. तेव्हा मुलांनीच सभा भरवून नवे नाव ठरवले. तो बोलतो, म्हणून साळुंकी. एकाने 'भजी' सुचवले होते, पण ते बहुमताने फेटाळले गेले. आता उरले होते ते फक्त नाव बदलणे.

नेमके तेच होईना. शिष्य नाव बदलू लागला की यंत्र सांगे, तुम्हाला याची परवानगी नाही. प्रोग्रॅम माझ्या खात्यावर, बसवला मी, आणि परवानगी नाही म्हणजे काय, असे म्हणून तो पेटून उठला. त्याने प्रोग्रॅमवरचे सगळे निर्बंध काढून टाकले. वाचणे, चालवणे, आत फेरफार करणे, सारे काही आल्यागेल्याला खुले केले. तरी नाव बदलेना. उलट आता प्रोग्रॅम उघडेचना. ज्यात कोणीही हात घालू शकतो तो सुरक्षित नाही, अशा अर्थाचा संदेश येई आणि साळुंकी व्हायच्या आधीच बिचारी गप्प होई. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. आपल्यातही असे पुष्कळ आहेत. दार उघडत नाही म्हटल्यावर ते घराच्या खिडक्या काढून ठेवतात.

गुरुजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमध्ये आहे, असे त्यांनी विचारले. शिष्याने सांगितले. तो फोल्डर कोणाच्या खात्यावर आहे, असे विचारल्यावर मात्र शिष्य वैतागला. फोल्डर कोणाचा का असेना, प्रोग्रॅम तर माझा आहे ना, असे तो म्हणाला. गुरुजी हसले आणि काठी चाचपत उठले.

"चल," ते म्हणाले. "शेजारी बारसं आहे. घुगऱ्या खाऊन येऊ."

शिष्याला राग आला. खोटे कशाला सांगावे, फार आला. उद्या पोरीची परीक्षा, प्रोग्रॅम बंद पडलेला, आणि म्हाताऱ्याला घुगऱ्या सुचतात. परंतु गुरूचा शब्द. तो मागोमाग गेला.

शेजारच्या घरी पाळणा फुलांनी सजवला होता. बायका जमल्या होत्या, आत्याची वाट पाहणे चालले होते. गुरुजी काठीने वाट काढत थेट पाळण्यापाशी गेले, दांडी धरली, वाकले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "बाळा, आजपासून तुझं नाव दगडू."

आधी पोरे हसली, पाठोपाठ बायका. बाळाच्या आजीने पदर सावरत गुरुजींना समजावले, की अहो, असे कसे, आत्या यायची आहे अजून. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतक्यात आत्या आली. तिने वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केले आणि नाव सांगितले, विहंग. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. आणि पाहता पाहता आई विहंग म्हणू लागली, आजी विहंग म्हणू लागली, दारातली पोरेही तेच नाव घेत ओरडू लागली. दगडूची आठवण कोणालाच राहिली नाही.

परतीच्या वाटेवर गुरुजींनी विचारले, "मी नाव ठेवलं तेव्हा बाळाने मला अडवलं का रे?"

"नाही. ते झोपलं होतं."

"मग माझं दगडू चिकटलं का नाही?"

मग गुरुजींनीच उत्तर दिले.

"अरे, बाळाचं नाव बाळाजवळ नसतंच. ते घराच्या तोंडी असतं. ज्या घराने हाक मारायची, त्या घराने ते ठेवायचं. आत्याला तो मान घराने दिलेला असतो, म्हणून तिचं ऐकतात. तसंच प्रोग्रॅमचं नाव प्रोग्रॅमच्या पोटात नसतं. तो ज्या फोल्डरमध्ये राहतो त्या फोल्डरजवळ त्याची नोंद असते. नाव बदलायचं तर परवानगी फोल्डरची लागते. तू सकाळपासून पाळण्यातल्या बाळाचे कपडे काढत बसलास, आणि घराला एका शब्दाने विचारलं नाहीस. बाळ गारठलं, दुसरं काय होणार?"

शिष्य रस्त्यातच थांबला. सकाळपासूनची सगळी खटपट त्याला एकदम उलगडली, आणि पाठोपाठ त्याचा चेहरा उतरला. कारण ते घर कोणाचे, हे त्याला आता आठवले. संगणक दान दिले होते गावातल्या भांड्यांच्या व्यापाऱ्याने. त्याच्या माणसाने सगळे फोल्डर शेठजींच्याच खात्यावर तयार केले होते, प्रोग्रॅम बसवण्यापुरती शिष्याला मुभा देऊन ती परत घेतली होती, आणि ते खाते शेठजींखेरीज कोणाला उघडता येत नव्हते. दानाच्या समारंभात याच शिष्याने चारचौघांत ऐकवले होते, की आता आमचे आम्ही पाहू, तुम्ही पुन्हा यायची तसदी घेऊ नका. त्याच दारात आता याचक म्हणून जायचे होते.

"दुसऱ्या कोणाला पाठवू का?" त्याने विचारले.

"आत्याच्या वतीने दुसरं कोणी कुर्रर्र करत नाही," गुरुजी म्हणाले. "आणि तसदी घेऊ नका असं म्हणणारा तू होतास."

शिष्य गेला. पितळेच्या पातेल्यांच्या राशीआड शेठजी बसले होते. त्याने आधी क्षमा मागितली, मग अडचण सांगितली. शेठजींनी ऐकून घेतले. मग त्यांनी गल्ल्यावर मुनीमजींना बसवले आणि चपला पायांत सरकवल्या. वाटेत ते म्हणाले, की दान दिले त्या दिवशी हार घातलात, फोटो काढलात, पण त्यानंतर आपल्याला कोणी बोलावलेच नाही; मुले त्या यंत्रांवर काय करतात हे पाहायची फार इच्छा होती. शिष्याला त्या क्षणी स्वतःची खरोखर लाज वाटली.

विद्यालयात मुले दाटीवाटीने उभी होती. शेठजी पासवर्ड टाकायला बसले आणि सवयीने म्हणाले, सगळ्यांनी पाठ फिरवा. त्या खोलीत पाठ फिरवण्याची गरज एकट्या शिष्यालाच होती, आणि त्याने ती फिरवली. मुले मात्र पोट धरून हसली. शेठजी उदार मनाने म्हणाले, की सारे फोल्डर कायमचे विद्यालयाच्या नावे करून टाकतो, सगळ्यांना सगळे मोकळे. गुरुजींनी हात आडवा केला. सगळ्यांना सगळे मोकळे करून काय झाले ते आज पाहिले, असे म्हणून त्यांनी त्या एका फोल्डरची, त्या एका कामापुरती, शिष्यापुरती परवानगी मागितली.

ती मिळाली. शिष्याने आधी साळुंकीवरचे काढून टाकलेले निर्बंध पूर्ववत केले. वाचावे आणि चालवावे सर्वांनी. फेरफार करावा तो फक्त मालकाने. मग त्याने नाव बदलले. या वेळी यंत्र अडले नाही. शेठजींनी दिलेली परवानगी लगेच परत घेतली, शिष्य बाजूला झाला, आणि केतकीने पुढे होऊन बाणाची कळ दाबली. एकामागून एक लांबलचक इंग्रजी नावे आली, आणि त्यांच्यामधून स्पष्ट, सुटसुटीत असा आवाज आला, साळुंकी. तिने कळ दाबली. प्रोग्रॅम उघडला आणि बोलू लागला.

खोलीत जो जल्लोष झाला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला. बारशाची हकिगत तोवर सगळ्यांना कळली होतीच; कोणीतरी ओरडले, शेठजीच आत्या! मग काय, मुलांनी आवाजाच्या रोखाने शेठजींना गाठले आणि त्यांच्या पाठीत मनसोक्त बुक्के घातले. एवढा मोठा व्यापारी, पण पाठ वाकवून उभा राहिला आणि लहान मुलासारखा हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी केतकी परीक्षेला बसली. शिष्य आणि गुरुजी दाराबाहेरच्या बाकावर होते. आतून साळुंकीचा बारीक आवाज आणि कळांचा खडखडाट ऐकू येत होता, आणि तो एकदाही फार वेळ थांबला नाही. वेळ संपली. परीक्षेचे अधिकारी दरवर्षीच्या सवयीने एकेक रकाना भरत होते. त्यांनी मान वर न करताच विचारले, "लेखनिकाचं नाव?"

"माझंच लिहा," केतकी म्हणाली. "केतकी."

अधिकारी थांबले. मग त्यांनी तिचे नाव त्या रकान्यात सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिले आणि लिहिलेले तिला वाचून दाखवले. बाहेर शिष्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते पुसावे असे त्यांना मुळीच वाटत नव्हते.