धनगरणीचा भाला

फार जुनी गोष्ट आहे, राजे पायी हिंडत त्या काळातली. रानालगतच्या एका गावात वेशीवरच्या दगडात राजाची आज्ञा कोरलेली होती: ‘गावाच्या राखणीसाठी प्रजेने भाला बाळगावा.’

एका न्यायाधीशाने तिचा अर्थ लावला, “राखण पहारेकरी करतात. भाला त्यांनीच बाळगावा.” झालं, घरोघरचे भाले चावडीत जमा झाले. माळावर एकटी राहणारी धनगरीणही निमूटपणे आपला भाला देऊन आली. त्या हिवाळ्यात लांडग्यांनी तिची निम्मी मेंढरं फाडली.

पुढे दुसरा न्यायाधीश आला. तो म्हणाला, “प्रजा म्हणजे प्रत्येक माणूस. ज्याचा त्याने भाला घेऊन जावा.” मग काय विचारता! लोक खांद्यावर भाले टाकून बाजारात, लग्नात, अगदी बारशालासुद्धा मिरवू लागले. धनगरीणही त्यांतलीच. एकदा भरबाजारात मागून कुणी हाक मारली, ती गर्रकन वळली, आणि भाल्याचं पातं घोंगड्या विणणाऱ्या विणकराच्या दंडात घुसलं. त्याचा माग बंद पडला.

गाव खवळलं. “घ्या सगळ्यांचे भाले काढून!”

आता तिसरा न्यायाधीश होता. त्याच्यापुढे धनगरीण मान खाली घालून उभी राहिली. भाला गेला तर उरलेली मेंढरंही जाणार, हे तिला कळत होतं. पण केल्या गोष्टीची इतकी लाज वाटत होती, की ‘भाला राहू द्या’ म्हणायचा तिला धीर होईना.

तेवढ्यात हात झोळीत बांधलेला विणकर पुढे आला. आता हा हिची चांगलीच खरडपट्टी काढणार, असं सगळ्यांना वाटलं.

“महाराज, हात ठणकतोय. रागही आहे,” तो म्हणाला. “पण लांडगे हिच्या दारात येतात, माझ्या नाही. बाईचा भाला काढून घेऊ नका. बाजारात तेवढा नको. तिथं कुठले आलेत लांडगे?”

न्यायाधीशाने आज्ञा पुन्हा वाचली. “आधीच्या दोघांनी अर्धीअर्धीच वाचली,” तो म्हणाला. “भाला ज्याचा त्याचा, पण राखणीसाठी. माणसांत येताना तो वेशीबाहेर रोवून या.”

धनगरणीला रडू कोसळलं. “दादा, तुमचे उपकार कसे फेडू?”

“आधी मेंढरं सांभाळ, बाई. लोकर तुझ्याकडूनच घ्यायचीय.”

पुढच्या बाजाराला धनगरणीने सर्वांआधी भाला वेशीबाहेर रोवला आणि ती थेट विणकराच्या घरी गेली. त्याचा हात बरा होईपर्यंत दर बाजारच्या दिवशी त्याच्या मागावर तीच बसली.

तात्पर्य: हक्क आपला असला, तरी तो टिकतो शेजाऱ्याच्या विश्वासावर.