निळ्या फळीचा खिळा

हत्यारं आणि लाकडंही बोलायची त्या काळी, खाडीकाठचा धाकू मेस्त्री मोडक्या होड्यांच्या फळ्यांची बाकं करून विकायचा. कापण्याआधी तो प्रत्येक फळीवरून हात फिरवून खिळे उपटून घ्यायचा.

एका निळ्या फळीत वाकडा खिळा रुतला होता. शेजारची किडकी फळी तिच्या डोळ्यांदेखत चुलीत गेली होती. आपली खोट दिसली तर आपलीही तीच गत, या धास्तीनं तिनं खिळा रंगाच्या पोपड्याखाली दडवला. मेस्त्रीचा हात वरून निघून गेला. पण करवत जवळ आली तशी तिची पाचावर धारण बसली.

"एवढी घाबरतेस कशाला?" करवत म्हणाली. "आजच दातांना धार लावलीय. तुला कळणारसुद्धा नाही."

ते दात खिळ्यावर मोडणार होते. करवत टेकणार, तोच फळी कशीबशी म्हणाली, "थांब बाई, माझ्यात खिळा आहे."

मेस्त्रीनं पकडीनं खिळा ओढून काढला. फळी चुलीची वाट बघत पडून राहिली. मेस्त्रीनं खिळा दगडावर ठेवला आणि हातोडीनं ठोकून सरळ केला.

संध्याकाळी बाक उभं राहिलं. निळ्या फळीला पाय जोडला होता तो त्याच खिळ्यानं.