सर्जेरावाचा हापकिडो

कवठेमाळ नावाच्या गावात एक भोळा माणूस राहायचा. त्याचं नाव सर्जेराव. अंगानं रांजणासारखा. डोकंही होतं. पटका बांधायला उपयोगी पडायचं.

सर्जेरावाला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेवढंच करायचा. एकदा पोस्टमन म्हणाला, "इथं अंगठा ठेवा." यानं ठेवला. पोस्टमनला दीड तास थांबावं लागलं.

तिकडे कोरियात एक मोठी संस्था होती. तिला हापकिडो जगभर न्यायचा होता. हापकिडो म्हणजे कुणी अंगावर आलं तर त्याचाच जोर वापरून स्वतःला वाचवायची विद्या. संस्थेच्या कचेरीत जगाचा नकाशा टांगलेला होता. जिथं शाखा निघेल तिथं टाचणी टोचायची. आपल्या जिल्ह्याला मात्र टाचणी टोचायची सोय नव्हती. कारण इथं आधीच हापकिडोचे तीन महासंघ होते. तिन्ही महासंघांना अध्यक्ष होते, लेटरहेड होतं, निळे कोट होते. हापकिडो येणारा माणूस तेवढा नव्हता.

म्हणून संस्थेनं ठरवलं, आपणच माणूस पाठवायचा. कवठेमाळच्या सरपंचांनी, अण्णासाहेबांनी, हे कुठूनसं ऐकलं. त्यांनी पत्र लिहिलं, "आमचे येथे भव्य क्रीडासंकुल आहे." क्रीडासंकुल म्हणजे सोसायटीचं खताचं गोदाम. ते झाडून घेतलं आणि खत दुसरीकडे हलवलं. वास हलवता आला नाही.

कोरियातून बेक मास्तर आले. पन्नाशीचे, सडपातळ, सदा हसरे. इथं यायचं म्हणून ते दोन वर्षं मराठी शिकले होते, तेही शब्दकोश वाचून. त्यामुळे ते छापील बोलायचे.

सरपंचांनी सर्जेरावाला गोदामाचा शिपाई नेमलं. पहिल्याच दिवशी बेक मास्तर त्याला म्हणाले, "हापकिडो!"

सर्जेराव पळत हॉटेलात गेला आणि चहाचे तीन कप घेऊन आला. एक अर्धा, दोन भरलेले.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमी म्हनला, हाप की दो. मला ठरवता येईना. दोन्ही आनलं."

बेक मास्तर तिन्ही कप प्याले. मग त्यांनी शांतपणे समजावलं, "हाप म्हणजे जुळणे. की म्हणजे देहातील शक्ती. डो म्हणजे मार्ग. आपणही शिकावे, सर्जेरावजी."

आजवर सर्जेरावाला कुणी 'जी' म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ठरवलं, या माणसाचा एक शब्द खाली पडू द्यायचा नाही.

गावातल्या तेवीस मुली शिकायला येऊ लागल्या. तालुक्याच्या स्टँडवर टवाळ पोरं हात धरायची, म्हणून त्यांच्या आयांनी पाठवलं होतं. मुली भराभर शिकल्या. सर्जेराव कोपऱ्यात उभा राहून शिकला.

पहिला धडा होता, "कोणी ओढल्यास विरोध करू नये. त्याच्यासोबत जावे."

दुसऱ्या दिवशी सर्जेराव म्हैस पाण्यावर घेऊन निघाला. वाटेत सरपंचांच्या मेथीचा वास आला. म्हशीनं दावं ओढलं. सर्जेरावानं विरोध केला नाही. म्हैस मेथीत गेली, हाही गेला. म्हशीनं एक वाफा खाल्ला, दुसरा खाल्ला. हा दाव्याला धरून अदबीनं मागं मागं.

सरपंच धावत आले. "सर्ज्या, म्हैस ओढ की भाईर!"

"ती आधी ओढत हुती, अण्णा. मी फकस्त संगं आलोय."

चार वाफे गेले. बेक मास्तरांना सरपंचांची माफी मागावी लागली. ते सर्जेरावाला म्हणाले, "म्हशीसोबत सामंजस्य अपेक्षित नाही. अशा प्रसंगी पाय रोवावे. देहाचा भार भूमीकडे सोडावा. तसूभरही हलू नये."

"असं व्हय! आदी सांगायचं न्हाई का," सर्जेराव म्हणाला.

पुढं अधिक महिना आला. सासुरवाडीहून जेवणाचं बोलावणं आलं. सर्जेराव आणि त्याची बायको शेवंता नटूनथटून गेले. अनारशांचं ताट मांडलं, समई लावली. सगळी भावकी पानांवर बसायची थांबली, कारण आधी जावई बसायला हवा. मेहुणा आला. "चला दाजी, उठा," म्हणून त्यानं दाजींचा हात धरून प्रेमानं ओढलं.

सर्जेरावानं पाय रोवले. भार भूमीकडे सोडला.

"दाजी, चला की."

दाजी हलेनात. मेहुण्यानं दुसरा हात धरला. मग चुलत मेहुणा आला. मग सासरे आले. तिघांनी मिळून ओढलं. सर्जेराव घोंगडीसकट पाऊलभर सरकला, पण उठला नाही. सासूबाई रडायला लागल्या, "काय चुकलं आमचं? जावई रुसलं!" मेहुण्याची कंबर धरली ती धरलीच. त्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. अनारसे थंडच असतात म्हणून बरं, बाकी सगळं निवलं.

घरी आल्यावर शेवंता म्हणाली, "अवो, जेवाय बोलवत हुती ती!"

"ओढत हुती," सर्जेराव म्हणाला.

बेक मास्तरांना हे कळलं. मग ते म्हणाले, "परिचित मनुष्याने हात धरल्यास कमरेत वाकून वंदन करावे. त्यास हवे ते साहाय्य करावे."

"ह्ये बेस झालं," सर्जेराव म्हणाला.

आठ दिवसांनी मास्तर मुलींना घेऊन तालुक्याला गेले होते. भर दुपारी गोदामासमोर टेंपो थांबला. त्यातून निळे कोट घातलेले तिघे उतरले. जिल्ह्यातल्या तीन महासंघांचे हे तीन अध्यक्ष. एरवी ते एकमेकांचं तोंड बघत नसत. पण खराखुरा हापकिडो शिकवणारा माणूस जिल्ह्यात आला, तेव्हा त्यांची एकी झाली होती. कोरियातून आलेल्या गाद्या पळवायच्या, म्हणजे वर्ग बंद पडेल, असा त्यांचा बेत होता.

सर्जेराव आडवा आला. एकानं त्याचा हात धरून त्याला बाजूला सारलं. सर्जेरावानं निरखून पाहिलं. चेहरा परिचित होता. दर चौकातल्या फलकावर तो 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असायचा.

सर्जेरावानं कमरेत वाकून वंदन केलं. मग साहाय्य केलं. चाळीस गाद्या त्यानं एकट्यानं टेंपोत चढवल्या. वरून दोरी बांधली. निघताना म्हणाला, "खड्डा हाय फुडं. हळू जावा."

संध्याकाळी मास्तर आले आणि रिकाम्या फरशीवर बसले. इतक्या दिवसांत त्यांचं हसू पहिल्यांदा गेलं. महिन्याभरात कोरियाहून तपासणी होणार होती. संस्थेच्या परदेश खात्याच्या प्रमुख नोहबाई स्वतः येणार होत्या. शाखा मान्य झाली नाही तर बेक मास्तरांना परत बोलावून घेणार, आणि तेवीस मुली अर्ध्यावर राहणार.

सर्जेरावाला काय झालं ते नीटसं कळलं नाही. पण मास्तर हसत नाहीत एवढं कळलं. तो घरी जाऊन जेवलाच नाही.

"उठा," शेवंता म्हणाली. "गाद्या गेल्या तर गेल्या. गोधड्या हायती की." तिनं बायका जमवल्या. जुनी लुगडी, धोतरं, पोती, सगळं निघालं. दहा दिवसांत गोदामात भिंतीपासून भिंतीपर्यंत गोधड्या अंथरल्या गेल्या. मुली परत एकमेकींना आपटायला लागल्या.

मास्तरांनी सर्जेरावाला समोर बसवलं आणि एकेक शब्द तोलून सांगितलं, "येथील वस्तू कोणी उचलून नेऊ लागल्यास तो चोर. चेहरा कोणताही असो. त्याचे मनगट धरावे. आणि मी 'सोड' म्हणेपर्यंत सोडू नये."

"तुमी सोड म्हनस्तोवर," सर्जेराव म्हणाला.

तपासणीच्या दिवशी मास्तर आणि सरपंच हार घेऊन फाट्यावर थांबले. नोहबाई दुसऱ्याच वाटेनं रिक्षानं आल्या. सत्तरीच्या, केस पांढरे, उंची शेवंताच्या खांद्याइतकी. गोदामात शिरल्या आणि गोधड्या बघून हरखल्या. असली शिवण त्यांनी कुठं पाहिली नव्हती. त्यांनी एक गोधडी उचलली आणि उजेडात बघायला दाराकडे निघाल्या.

सर्जेरावानं मनगट धरलं.

नोहबाई हसल्या. त्यांना वाटलं, स्वागताचं प्रात्यक्षिक असेल. त्यांनी हात सोडवायचा पहिला डाव टाकला. सुटला नाही. दुसरा टाकला. त्यांनी ओढलं, सर्जेराव संगं गेला. त्यांनी ढकललं, तो भार सोडून बसला. आता बाईंचा चेहरा गंभीर झाला. बाई पोचल्याचं कळून बेक मास्तर आणि सरपंच धावत आले तेव्हा नवव्या डावापर्यंत प्रकरण आलं होतं.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. घाबरल्यावर त्यांचं मराठी पळालं. नेमका 'सोड' हा शब्द आठवेना.

"विमुक्त करा!" ते ओरडले. सर्जेराव वाट बघत राहिला.

"परित्याग करा! विसर्जन करा!"

शेवंता बाहेरून ओरडली, "अवो, सोडा की त्या म्हातारीला!"

"मास्तरांनी म्हनाय पायजे."

"मास्तर, सोड म्हणा, सोड!" सरपंच किंचाळले.

"सोड!" मास्तर म्हणाले.

सर्जेरावानं सोडलं आणि कमरेत वाकून वंदन केलं.

नोहबाई गोधडीवर बसल्या. मनगट चोळलं. मग पोट धरून हसल्या आणि कोरियन भाषेत भरभर बोलल्या. मास्तरांनी मराठी केलं, "बाई म्हणतात, मी बत्तीस देश तपासले. सर्वत्र माझे मनगट छायाचित्रापुरते धरले गेले. खरोखर प्रथमच कोणी धरले."

त्यांनी तेवीस मुलींची परीक्षा घेतली. सगळ्या पास झाल्या. शाखा मान्य झाली, आणि तिकडच्या नकाशावर कवठेमाळची टाचणी टोचली गेली. वर नोहबाईंनी सर्जेरावाला कोरियातल्या जागतिक मेळाव्याचं बोलावणं दिलं. त्यांच्या मते कवठेमाळचा हात जगानं बघायला हवा होता.

बेक मास्तरांना घाम फुटला. त्यांनी सर्जेरावाकडून नवा धडा घोकून घेतला, "इतका वेळ धरू नये. धरावे, पाडावे, सोडावे, वंदन करावे. मग पुढचा."

"धरावं, पाडावं, सोडावं, वंदन. फुडचा," सर्जेरावानं बोटांवर पाठ केलं.

शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून सरपंच निघाले. त्यांनी कागदोपत्री 'अभ्यासदौरा' असं लिहिलं आणि निळा कोट शिवून घेतला. भारताचे प्रतिनिधी अशी पट्टीही छातीवर लावली.

मेळाव्याचं सभागृह केवढं तरी मोठं होतं. स्टेजवर तेहेतीस देशांचे प्रतिनिधी रांगेनं उभे राहायचे होते. सरपंच सोडले तर प्रत्येकाच्या कमरेला काळा पट्टा, पोटाला थोडा आखूड. स्टेजवर जाण्याआधी सरपंचांनी सर्जेरावाला बाजूला घेतलं.

"हे बघ सर्ज्या. तिथं मायंदाळ भाषणं हुतील. तू त्यात पडू नगं. एकच ध्यानात ठेव. हापकिडोवालं जगभर पसरलं पायजेत. ह्योच आपला उद्देश."

"सगळ्या देशांतलं?"

"सगळ्या. तेहेतीस हायती. एक देश सुटता कामा न्हाई."

"आन पसरवायचं कुनी?"

"आपन! म्हंजे तूच की! तू आता मोठा मानूस झालास."

नोहबाईंनी सर्जेरावाची ओळख करून दिली. टाळ्या झाल्या. पहिल्या देशाचा प्रतिनिधी पुढं आला आणि त्यानं हस्तांदोलनासाठी हात केला.

सर्जेरावानं मनगट धरलं. पाडलं. सोडलं. वंदन केलं.

गृहस्थ स्टेजवर सपशेल पसरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, काय सुरेख प्रात्यक्षिक! दुसऱ्या प्रतिनिधीलाही वाटलं, हा मान दिसतो. तो स्वतः हात पुढं करून आला. पसरला. तिसरा, चौथा, पाचवा. दहाव्याला शंका आली. तो मागं सरकला, पण मागच्यानं त्याला पुढं ढकललं, कारण त्याला फोटो हवा होता. पंधराव्यापासून पळापळ सुरू झाली. पळणाऱ्याला धरणं सर्जेरावाला सोपं गेलं, कारण आखूड पट्टे सुटून पायांत येत होते. कोरियाचे प्रतिनिधी, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, खुर्चीत जाऊन बसले आणि उठलेच नाहीत. सर्जेरावानं खुर्चीच हळूच आडवी केली.

बेक मास्तर पडद्यामागं शब्दकोश चाळत होते. नोहबाई पहिल्या रांगेत डोळे पुसत होत्या. रडून की हसून, ते लांबून कळत नव्हतं.

शेवटी स्टेजवर शांतता झाली. सर्जेरावानं घाम पुसला आणि पसरलेले देश बोट लावून मोजले. बत्तीस भरले. त्यानं पुन्हा मोजले. बत्तीसच.

"एक कमी पडतोय, अण्णा," तो म्हणाला.

सरपंच निळ्या कोटात दाराच्या दिशेनं पाठमोरे, चवड्यांवर, अगदी हळू चालले होते.

सर्जेरावाचा चेहरा उजळला.

"भारत ऱ्हायला की!" तो म्हणाला, आणि बाह्या सावरत पुढं निघाला.