डाग न धरणारा दगड

"म्हणजे ग्रॅनाइट नको म्हणता?"

"मी कुठं काय म्हटलं?" सहजपुरी बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मी जेवतोय."

तेही खरंच होतं. बार्शीच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर बाबांचा लहानसा मठ. दुपारची वेळ. ओवरीत गार सावली, बाबांच्या पुढ्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची लालभडक चटणी आणि चटणीवर चांगलं सढळ हातानं ओतलेलं तेल. आणि थाळीला खेटून मुकुंदराव हुंडेकरींनी पिशवीतून काढून मांडलेले दगडांचे गुळगुळीत तुकडे.

मुकुंदरावांचं गावात औषधांचं दुकान. माणूस नीटनेटका. म्हणजे किती, तर दुकानातल्या बाटल्यासुद्धा प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या रांगेत. बाबांचा अनुग्रह घेऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, आणि बाबांच्या सगळ्या शिष्यांत आपण जास्त समजूतदार, याबद्दल निदान त्यांच्या स्वतःच्या मनात तरी शंका नव्हती.

"हा ग्रॅनाइट," ते पुन्हा सुरू झाले. "काळा आहे, डाग दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नसतो असं थोडंच आहे? हा मार्बल. याचं तर नावच नको, लिंबाचा थेंब पडला तरी चट्टा. हा क्वार्ट्ज. दुकानदार म्हणतो, हळद सांडा, तेल सांडा, पुसलं की गेलं. आता बेसिन सिरॅमिकचं घ्यावं की स्टीलचं, तिथं गाडी अडलीय."

"अडायला काय झालं? तोंडच धुवायचं ना त्यात?"

"आईसाठी आहे, बाबा."

बाबांचा घास हातातच राहिला.

"कुठाय ती?"

"मुरूडला. धाकट्या बहिणीकडं." मुकुंदरावांनी मार्बलचा तुकडा उगाच सरळ केला. "बारशाला म्हणून गेली... आलीच नाही."

बाबा घास चावत राहिले.

मग मुकुंदरावांनाच सांगावं लागलं. घरात पूर्वी साधी शहाबादी फरशीची मोरी होती. मागच्या वर्षी त्यांनी हौसेनं बाथरूम नवं करून घेतलं. पांढराशुभ्र मार्बलचा ओटा, त्यात पांढरं बेसिन. आल्यागेल्याला आधी बाथरूम दाखवायचे! पण आईला मिश्रीची सवय. सकाळी उठलं की तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, बोटानं हिरड्यांना लावत बसायची आणि बेसिनमध्ये चूळ भरायची. झालं. पांढऱ्यावर काळपट ओघळ. ओट्यावर कधी डोक्याच्या तेलाचा पंजा, कधी कुंकवाचं बोट.

"मग बोललास तिला," बाबा म्हणाले.

"छे! एक अक्षर नाही!" मुकुंदराव ताठ झाले. हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. "आपल्या पायाची शपथ, बाबा. दुसरा कुणी असता तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. मी आवाज चढवला नाही की कपाळाला आठी घातली नाही. ती बाहेर आली की मी आत जायचो आणि गुपचूप पुसून घ्यायचो. बस."

"बस?"

"बस."

"मग तिनं काय केलं?"

"तिनं काय करायचंय? परसात जायला लागली तोंड धुवायला. मी म्हटलं, अगं आई, एवढं केलंय कुणासाठी? तर म्हणाली, असू दे, मला इथंच बरं पडतं. थंडीचे दिवस, ती उघड्यावर दगडावर बसलेली. शेजारीपाजारी काय म्हणतील? नंतर बारसं आलं, आणि गेली."

मुकुंदरावांना पुढचं सांगायला जड जात होतं.

"परवा बहिणीचा फोन होता. म्हणाली, दादा, आईला विचारलं परत कधी जायचं, तर आई म्हणते, तिथं आता तोंड धुवायची चोरी झालीय."

ओवरीत माशी घोंगावत होती. बाबांनी ती हातानं हाकलली.

"बाबा, घर खायला उठतं हो. मिश्री भाजल्याचा तो वास, मला जन्मभर त्याचा राग. आता तो येत नाही तर सकाळी अंथरुणातून उठवत नाही..." त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा समजूतदार झाले. "म्हणून मी ठरवलं. दोष दगडाचा आहे. डागच धरणार नाही असा दगड बसवायचा, की प्रश्न मिटला. तिला संकोच नको आणि मलाही..."

"तुलाही काय?"

मुकुंदरावांनी क्वार्ट्जचा तुकडा बाबांच्या पुढं सरकवला.

"बरं," बाबा म्हणाले. "बघू तर खरं, कुठला धरतो आणि कुठला नाही."

त्यांनी चटणीच्या तेलात अंगठा बुडवला आणि ग्रॅनाइटवर टेकवला. चांगला लालसर ठसा उमटला. मुकुंदरावांनी खिशातून रुमाल काढला आणि पुसून घेतला.

बाबांनी मार्बलवर टेकवला.

मुकुंदरावांनी पुसला.

क्वार्ट्जवर टेकवला. तोही पुसला गेला.

"काय कळलं?" बाबांनी विचारलं.

"असं लगेच कसं कळेल, बाबा? डाग मुरायला वेळ द्यावा लागतो."

"मग दे की."

बाबांनी पुन्हा एकदा तिन्ही दगडांवर अंगठा उठवला आणि निवांत जेवायला लागले. मुकुंदराव मांडी घालून बसले. समोरच्या कडुलिंबाकडं बघितलं. मठाच्या कळसाकडं बघितलं. बाबांना पाऊसपाण्याचं विचारलं, उत्तराकडं लक्ष नव्हतं. तेल मार्बलवर हळूहळू पसरत होतं...

हात गेलाच.

मार्बल पुसला, मग शेजारचे दोन्ही पुसले, आणि ओघाओघात थाळीच्या कडेला सांडलेली चटणीही पुसून घेतली. बाबांच्या गुडघ्याशी भाकरीचे बारीक तुकडे पडले होते, तेही टिपले. सगळं झटपट, आवाज न करता. आपण काही केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाबांनी पुढचा घास उचलला. चटणीचा एक कण जमिनीवर पडला. रुमाल आला.

बाबांनी घास थाळीत ठेवला.

मग गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश उठले, थाळी उचलली आणि ओवरीच्या पायऱ्या उतरायला लागले.

"बाबा? कुठं निघालात?"

"जरा अंगणात बसतो."

"एवढ्या उन्हात? अहो, भाजेल! इथं सावली आहे चांगली!"

"असू दे," बाबा पाठमोरेच म्हणाले. "मला इथंच बरं पडतं."

अंगणाच्या टोकाला पाणी तापवायच्या चुलीशेजारी एक दगड होता. बाबा त्यावर बसले. ओवरीकडं पाठ केली. थाळी मांडीवर अगदी पोटाशी धरली आणि एक हात खाली धरून जेवायला लागले, काही सांडू नये म्हणून. म्हाताऱ्या माणसाची वाकलेली पाठ, डोक्यावर रणरणतं ऊन.

मुकुंदराव बघत राहिले.

ही पाठ त्यांनी पाहिली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, रोज सकाळी, चहा पिता पिता. अंगावर शाल, हातात मिश्रीची डबी. आणि त्यांना वाटायचं, किती हट्टी म्हणावं हिला!

ते तसेच अनवाणी अंगणात धावले. पाय पोळत होते, तिकडं लक्ष नव्हतं.

"चला बाबा, आत चला. माझं चुकलं. तुम्ही आत बसा, हवं तेवढं सांडा..."

बाबा जेवत होते.

"बाबा, मी तिला कधी काही बोललो नाही हो... खरंच नाही बोललो..."

आणि त्यांना रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, भर उन्हात उभा राहून लहान पोरासारखा रडायला लागला. सवयीनं रुमाल डोळ्यांना लावला, तर त्याला सगळी चटणी! डोळ्यांची अशी आग झाली की विचारू नका. आता पाणी चटणीचं वाहत होतं की कशाचं, हे सांगायची सोय राहिली नाही.

बाबांनी थाळी खाली ठेवली. रांजणातून तांब्या भरून आणला. स्वतः डाव्या हातानं त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारलं, तोंड पुसलं आणि उजवा हात खांद्यावर ठेवला. चटणीचा हात होता तो, मुकुंदरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल बोटं उमटली.

मुकुंदरावांनी खाली सदऱ्याकडं बघितलं. हात उचलला...

तो तसाच थांबला.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "उद्या पहाटेच्या गाडीनं मुरूडला जातो. पण तिला सांगू काय? कुठला दगड बसवतोय म्हणू?"

बाबांनी हात पुढं केला.

"दगड कुठलाही बसव, मुकुंदा. तो रुमाल तेवढा इकडं दे."