पहिल्या हाकेची ओ

माझे संपूर्ण नाव जनार्दन तात्याबा पानसकर. वय ब्याऐंशी पूर्ण. शिक्षण मराठी चौथी. त्यापुढील जे काही आहे ते गावच्या वाचनालयाचे आणि माझ्या डोळ्यांचे. आपण पाहुणे आहात, निवघरचा सडा, म्हणजे हे डोंगरमाथ्याचे पठार, पाहण्यास इतक्या लांबून वर चढून आला आहात, तेव्हा प्रथम एक दुरुस्ती करतो आणि मग सांगण्यास बसतो. खाली वाटेवर कोणीतरी 'एको पॉइंट' अशी पाटी लावलेली आहे. ती चुकीची आहे. प्रतिध्वनी आपलाच शब्द आपल्याला परत करतो. येथे आपण 'अरे' म्हणालात तर 'ओ' येते. याला आम्ही हाकेचा सडा म्हणतो.

हा समोरचा काळा दगड पाहा. त्यावर बसलेल्या बाईंना आपण मघाशी नमस्कार केलात, त्यांनी केला नाही, याचा राग मानू नये. त्या पाळीवर आहेत. धुके पश्चिमेच्या बाजूने वर येऊ लागले की निवघरातील एका घरचे माणूस या दगडावर येऊन बसते आणि धुके विरेपर्यंत उठत नाही. सड्यावरून कोणाचीही हाक आली तरी पहिल्याच हाकेला 'ओ' द्यायची, एवढेच त्या माणसाचे काम. साऱ्या मुलखात आडरानातील हाकेला तिसऱ्या खेपेपर्यंत उत्तर देऊ नये असे वडीलधारे शिकवतात. पहिल्या दोन हाका भुताच्याही असू शकतात, तिसरी मात्र माणसाचीच, असा समज आहे. आमच्याकडे तसे का नाही, याची आख्यायिका आहे. मी ती जशी ऐकली तशी सांगतो. पदरचे काही घालीत नाही.

फार पूर्वी या सड्यावर गवळ्यांची वस्ती होती असे सांगतात. म्हशी येथे चरत, दूध खाली घाटाच्या पायथ्याला जाई. त्या वस्तीत ठकू नावाची गवळण होती. एके दिवशी तिचा नवरा म्हशी वळवण्यास गेला असता धुके उतरले. आपण ते धुके पाहिलेले नाही. ते येते तेव्हा आधी डोंगर जातो, मग झाडे, मग स्वतःचे पाय. ठकू झोपडीच्या दारात उभी होती. तिला हाक ऐकू आली. तिने ओ दिली नाही, कारण ती पहिली होती. दुसरी आली, किंचित लांबून. ठकू तोंडावर पदर धरून तिसरीची वाट पाहत राहिली. तिसरी आली नाही. तो पश्चिमेच्या कड्यावरून खाली गेला होता.

त्यानंतर ठकू घरात राहिली नाही म्हणे. अंगावर घोंगडी घेऊन ती सड्यावर फिरे, आणि गुरे हंबरली तरी, टिटवी ओरडली तरी 'ओ' देई. "ओ, इकडं ये, इकडं." ती गेल्यावरही आवाज राहिला. वस्ती उठली, झोपड्या मोडल्या, आवाज राहिला. पुढे धुक्यात सापडून अधूनमधून कोणीतरी कड्यावरून जाई, आणि गावकरी एकच सांगत, की ठकूने नेले. स्वतःचा नवरा गेला म्हणून ती दुसऱ्यांचे नवरे ओढते. लोकांनी सड्याची वाट सोडली. ती सोडली म्हणजे घाटाचा बाजार सोडला, पलीकडच्या गावांशी असलेली सोयरीक सोडली. एका आवाजापायी निवघर कोंडून पडले.

ही वार्ता शहरातील एका मंडळाच्या कानी गेली. इंग्रजी अमदानीची ती अखेरची वर्षे. मृतात्म्यांच्या अस्तित्वाचा शास्त्रीय रीतीने तपास करणारी काही विद्वान मंडळी तेव्हा होती. गावोगावच्या पछाडलेल्या जागी जाऊन ती साक्षी घेत, उपकरणे लावीत आणि आपापसांत पुष्कळ भांडत. अशा एका मंडळाचे तिघे जण भाद्रपदात येथे आले. अध्यक्ष रावसाहेब खासनीस हे निवृत्त मुन्सफ, म्हणजे दिवाणी न्यायाधीश, होते. नीळकंठ देवस्थळी शाळेत शास्त्र शिकवीत. तिसऱ्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाई. यांचा कान इतका तीक्ष्ण होता की बंद दाराआडून पाऊल कोणाचे ते त्या सांगत, असे म्हणतात. सामान वर आणण्यासाठी व वाट दाखवण्यासाठी त्यांनी धोंडू झोरे या वृद्ध धनगराला सोबत घेतले होते.

रावसाहेबांची तपासाची एक रीत होती आणि तीच या कथेचा कणा आहे. तिघांपैकी एकाला ते त्या जागेची कथा मुळीच कळू देत नसत. रावसाहेबांचे म्हणणे असे, की ज्याने गोष्ट ऐकली त्याचा कान गोष्टच ऐकतो. साक्षीदार स्वच्छ हवा. अशा माणसाला ते 'कोरा कान' म्हणत. या खेपेस कोरा कान देवस्थळी मास्तर होते. धोंडू ठकूची हकीकत सांगू लागला की मास्तरांना उठून लांब जाऊन बसावे लागे.

"मास्तर, जावा तिकडं. भूत यायचं हाय," धोंडू म्हणे.

"अहो, निदान बाई की बुवा एवढं तरी सांगा!" मास्तर जाता जाता ओरडत.

"एक शब्द नाही," रावसाहेब बजावीत. "देवस्थळी, आपण फक्त हवेची उष्णता पाहायची."

द्वारकाबाई पदरात हसत. त्यांच्या नवऱ्याला भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. वर येतानाच ते धोंडूला म्हणाले होते, "तुमचं भूत भेटलं तर त्याच्याकडून ताक मागून घेईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर उष्णतामापक घेऊन सड्याच्या मध्यावरील तळ्याकडे गेले. ऊन पडले होते. सोनकीची पिवळी फुले सबंध पठारभर हलत होती. याच दगडाजवळ रावसाहेबांनी मेणाच्या नळीवर आवाज कोरणारे यंत्र मांडले. इतक्यात फुलांचा रंग उतरू लागला. वारा नाही, आवाज नाही. धुके जमिनीतून उगवावे तसे वर आले आणि तळे, फुले, आकाश असे सगळे एकाच पांढऱ्या वस्त्रात गुंडाळले गेले. दिवस होता, उजेड होता, तरी दिसत काहीच नव्हते. झोपेत डोळे उघडे राहावेत तसे झाले, असे द्वारकाबाई पुढे सांगत.

रावसाहेबांनी यंत्र सुरू केले आणि ओठांवर बोट ठेवले. यंत्र चालू असता मंडळाच्या माणसाने शब्द उच्चारायचा नाही, हा त्यांचा कडक नियम होता.

तेव्हा हाक आली.

"द्वारका!"

द्वारकाबाई उभ्या राहिल्या. आवाज नवऱ्याचा होता, किंचित हसरा. रावसाहेबांनी मान हलवली, आणि स्वतःचाच नियम मोडून अगदी हळू म्हणाले, "बसा. देवस्थळींनी आपल्याला आजवर नावानं हाक मारली आहे काय?"

हे खरे होते. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर बायकोचे नाव घेणे मास्तरांच्या घराण्यात असभ्य मानले जाई. लग्न झाल्यापासून ते 'अगं' म्हणत किंवा नुसते खाकरत. द्वारकाबाईंनी स्वतःचे नाव त्या आवाजात कधी ऐकले नव्हते.

"ओळखीचा आवाज घेऊनच ती येते," रावसाहेब कुजबुजले. "प्रत्येक साक्षीत हेच आहे."

"गप ऱ्हावा, बाई," धोंडू म्हणाला. त्याने बाईंच्या पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. "पयली हाय ही. तीन होऊद्यात."

"द्वारका!" पुन्हा आली. या खेपेस ती पश्चिमेकडून होती, कड्याच्या बाजूने, आणि तिच्यात हसू उरले नव्हते.

द्वारकाबाई धोंडूकडे वळून म्हणाल्या, "आणि तिसरी आलीच नाही तर?"

असे सांगतात की त्याच क्षणी, अगदी त्यांच्या कानाशी, कोणीतरी बाई दीर्घ आवाजात म्हणाली, "ओ…"

रावसाहेबांनी रागाने द्वारकाबाईंकडे पाहिले. त्यांचे ओठ मिटलेले होते. मग द्वारकाबाईंचेही ओठ उघडले. नवऱ्याचे नाव घेण्याची रीत त्यांच्याकडेही नव्हती, म्हणून नुसतेच, छाती फुटेल इतक्या मोठ्याने, "ओ! ओ!" पहिला आवाज सड्यावर पुढे पुढे जाऊ लागला, दुसरा दगडापाशी ठाम राहिला. धोंडूने डोळे मिटून घेतले होते. रावसाहेबांनी यंत्राची कळ सोडली होती आणि नळी उगाच फिरत होती.

बराच वेळ केवळ हे दोन आवाज होते. एक जाई, एक राही. नंतर पहिला जवळ येऊ लागला आणि त्याच्या मागोमाग गवतात पावले वाजली.

मास्तर धुक्यातून बाहेर आले. चष्मा पुसत होते आणि थोडे चिडलेले होते.

"एवढं ओरडायचं कशाला? येतच होतो," ते पत्नीला म्हणाले. मग इकडेतिकडे पाहू लागले. "ती बाई कुठं गेली?"

"कोण बाई?" रावसाहेबांनी विचारले.

"घोंगडीवाली. मी पार उलट्या दिशेला चाललो होतो. पायाखालचा दगड सुटला, तो खाली पडल्याचा आवाजच आला नाही. तेवढ्यात मागून ओ आली. वळलो तर ही बाई. पुढं चालायची, थांबायची, वळून 'इकडं ये' म्हणायची. अंगाला धारोष्ण दुधाचा वास. मी ताक मागणार होतो, पण ती थांबेच ना."

रावसाहेबांचा आवाज प्रथमच मुन्सफाचा राहिला नाही. "देवस्थळी, आपण पळाला नाहीत?"

"पळू कशाला? बाई वाट दाखवते आहे आणि मी पळू?"

हे ऐकताच धोंडू झोरे मटकन खाली बसला. तो असा रडू लागला की मंडळींना वाटले त्याला झपाटले. द्वारकाबाई त्याच्या शेजारी बसल्या. हुंदक्यांतून तो बोलू लागला.

"आमची मान्सं पळाली, बाई. माझा थोरला भाऊ, म्हादू. आमी दोगं हुतो. मागनं 'इकडं ये' आलं आन् आमी वाट फुटंल तिकडं पळालो. माझं त्वांड गावाकडं हुतं म्हून मी ऱ्हायलो. त्याचं कड्याकडं हुतं." त्याने कपाळावर मूठ आपटली. "ती बलवत हुती. आमीच तिच्यापासनं पळत हुतो. आन् नाव तिचं वाईट केलं."

रावसाहेबांनी पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. ते म्हणाले, "आम्ही कोरा कान एकच आणला होता, धोंडूबा. तोच वाचला. आपल्या दोघांचे भरलेले कान त्याला मारायला निघाले होते."

धुके जसे आले तसेच गेले. फुलांना रंग परत आला. सड्यावर माणूस नव्हते, जनावर नव्हते. पश्चिमेकडे, कड्यापासून हातभर अलीकडे, मास्तरांचा उष्णतामापक गवतात पडलेला सापडला. नळीवर काय उमटले याविषयी निरनिराळे लोक निरनिराळे सांगतात. मेणाला दमट हवा लागून केवळ खरखर राहिली, हे मला अधिक संभाव्य वाटते.

मंडळी त्याच दिवशी खाली गावात उतरली. रावसाहेबांनी चावडीपुढे उभे राहून जे घडले ते सांगितले, आणि आपण काय करणार होतो तेही सांगितले. गावकऱ्यांचा विश्वास बसेना.

एक म्हातारी म्हणाली, "शहरातली मान्सं. धुकं डोक्यात गेलंया."

तेव्हा धोंडूने सर्वांसमोर शपथ वाहिली. "म्हादू गेला तवापास्नं मी तिला शिव्या देत आलोय. आता ती दमली आसंल. उद्यापास्नं धुक्यात मी बसतो तिच्या जागी. पयल्या हाकंला मी ओ दीन. मला काय झालं तर खरं तुमचं."

दुसऱ्या दिवशी तो या दगडावर येऊन बसला. त्याला काही झाले नाही. काही धुकी गेल्यावर त्याच्या शेजारी दुसरे कोणी बसले, मग तिसरे, आणि पाळी ठरली. द्वारकाबाई पुढे दरवर्षी भाद्रपदात येत आणि एक पाळी बसून परत जात, असे माझी आई सांगे. आईने त्यांच्या शेजारी बसून ओ देण्याचे शिक्षण घेतले होते. आवाज चढवायचा नाही, लांबवायचा, हे त्यांनीच शिकवले. मास्तर तेव्हा त्यांच्यासोबत असत. तळ्याकाठी जाऊन मुद्दाम "द्वारका!" अशी हाक मारीत, आणि सबंध पाळी हसे. वडीलधारे कोणी काही म्हणत नसत.

आता आपण उठावे. पश्चिमेकडे पाहा, डोंगराची रेघ पुसट होऊ लागली आहे. वाट सरळ आहे, तरीही चुकल्यास लाज न बाळगता हाक मारावी. नावानेच मारावी, ज्याला मारायची त्याच्या. आजही प्रत्येक पाळीच्या माणसाआधी या दगडावर दुधाची वाटी ठेवली जाते आणि धुके विरल्यावर ती रिकामी असते. मांजर पिते असे काही म्हणतात, आणि सड्यावर मांजरे आहेत हे मी नाकारीत नाही. आजही दगडावरील बाईने ओ दिली, की ऐकणाऱ्याला ती दोन गळ्यांतून आल्यासारखी वाटते. एक गळा दगडापाशी राहतो आणि दुसरा त्याच्याकडे चालत येतो.

त्या भाद्रपदानंतर सड्याची वाट पुन्हा सुरू झाली, आणि निवघरात तिसऱ्या हाकेची वाट पाहणे बंद झाले.